दोनदा होडी

१

रमजान ईद झाली त्याच आठवड्यात मी यादी लिहायला घेतली. झांझिबार, जुलैतले दहा दिवस, आम्ही दोघं आणि तीन मुलं. पिवळ्या तापाची लस, हिवतापाच्या गोळ्या मुलांच्या वजनाप्रमाणे, प्रत्येकाला एक टोपी, धाकटीसाठी पोहायचं टायर. मस्कतमधल्या एका दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर बसते. तिथली चूक थेट माणसाच्या पोटात जाते, त्यामुळे सगळं दोनदा तपासायची मला खोड आहे. नवरा, हमूद, म्हणतो, "शमसा, तू कबरीत जातानासुद्धा यादी नेशील, आणि फरिश्त्यांच्या सह्या घेशील."

झांझिबार तसं आमचंच. बाबा, म्हणजे माझे वडील, तिथे जन्मले. नऊ वर्षांचे असताना आपल्या आईबरोबर बोटीत बसून इकडे आले, ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. आता ते आमच्याकडेच असतात. मुलं त्यांना बाबू म्हणतात. बेटावरच्या स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा. मी त्यांना म्हटलं, "चला की आमच्याबरोबर." त्यांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही.

"मी पाहिलंय ते."

"अहो बाबा, नऊ वर्षांचे होतात तेव्हा!"

"पुष्कळ झालं तेवढं."

उतरायचं होतं जांबियानी गावात, बाबांच्या चुलतबहिणीकडे, बी झुवेनाकडे. बाई जुन्या वळणाची. मुलांनी तिच्यासमोर आमची लाज काढू नये म्हणून मी त्यांना तिकडची रीत शिकवायला बसले. तिकडे दार ठोठावत नाहीत. बाहेर उभं राहून म्हणायचं, "होडी!" आतून "करीबू", म्हणजे ये, जवळ ये, असं आलं की मगच उंबरा ओलांडायचा. दवाखान्यातल्या वैजयंती सिस्टर मराठी आहेत. त्यांच्या भाषेत होडी म्हणजे नाव. हे ऐकून त्या पोट धरधरून हसल्या. "म्हणजे तुम्ही दारोदार होड्या मागत हिंडता की काय?"

होडी तीनदा म्हणायचं. तीनदा म्हणूनही आतून उत्तर आलं नाही तर, कितीही लांबून आला असलात तरी, गुपचूप माघारी फिरायचं. राग धरायचा नाही. आणि घरातल्यांनीही दारातल्याला ताटकळत ठेवायचं नाही. हे सगळं मीच शिकवलं.

मोठी रय्या अकरा वर्षांची, तिला असल्या गोष्टी पोरकट वाटतात. आठ वर्षांचा अज्जान दोन दिवसांत कंटाळला. पण पाच वर्षांच्या नसराने खेळ उचलून धरला. न्हाणीघराच्या दारात होडी, फ्रिजसमोर होडी, बाबू नमाज पढत असले तरी त्यांच्या दारात होडी. मी मुद्दाम तिसऱ्या हाकेलाच "करीबू" म्हणायचे, म्हणजे ती खिदळत आत यायची. तिसरीची मला सवयच लागून गेली.

२

त्या बुधवारी दुपारी मी मांदाझी तळत होते, चहाबरोबर खायचे ते गोड फुगे. बाहेर पारा सेहेचाळीसवर, खिडक्या बंद, एसीची घरघर. बाबा आपल्या खोलीत आडवे झाले होते.

"होडी."

आमच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलं की एक बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला अडगळीची खोली. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, खिडकी नाही. आवाज तिकडून आला. मोठा नाही, घाईचा नाही. पुरुषाचा म्हणावा तर नाही आणि मुलाचाही नाही. ज्याला कुणीतरी फार चांगलं वळण लावलंय, अशा माणसाचा.

"होडी."

मी झारा हातात धरून तिसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले. ती आलीच नाही. कढईतला मांदाझी काळा पडला.

"अज्जान, बॅगांवर चढू नकोस रे! चाकं मोडतील!" मी ओरडले आणि जाऊन दार उघडलं. आत बॅगा होत्या, इस्त्रीची फळी होती, जुना पंखा होता. माणूस नव्हता. मग आठवलं, अज्जान पोहायच्या शिकवणीला गेलाय. आत येऊन पाहिलं तर दोघी मुली माझ्या पलंगावर तोंडं उघडी टाकून झोपलेल्या.

मी स्वतःला म्हटलं, बाई, उन्हानं डोकं फिरलंय तुझं. आणि राहिलेले मांदाझी तळून काढले.

३

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानच्या थोडं आधी, दोनदा. तिसऱ्या दिवशीही दोनदा.

मी काही भोळसट बाई नाही. एसीच्या नळीतून वरच्यांचा आवाज येत असणार, असं म्हणून मी जिना चढून वर गेले. बिऱ्हाडाला कुलूप. खाली रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ती मंडळी दक्षिणेला सलालाला गेलीत, तिकडच्या पावसाला. महिना झाला. किल्ली माझ्याकडेच आहे."

"कुणी येऊन राहिलंय का?"

"या उन्हात? इथे मीच राहतोय ते नशीब समजा."

रात्री हमूदला सांगितलं. तो हसला, हसणारच. "बरंय की. त्याला म्हणावं, आत आहेसच तर बॅगा भरून ठेव." मलाही हसू आलं. पण हसताना माझी नजर बोळाकडे होती, आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. दोनदाच का, हे काही डोक्यातून जाईना. कुणी चेष्टा करत असेल तर एकदा चुकून तरी तीनदा म्हणेल की नाही?

४

बाबांना मी सांगणार नव्हते. त्यांचं त्यांनाच कळलं. रविवारी दुपारी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले आणि नेमकी तेव्हाच पहिली हाक आली. पेला त्यांच्या ओठांपर्यंत जाऊन थांबला. दुसरी हाक आली. त्यांनी बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं. एवढं घाबरलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

मग ते कुजबुजले, "किती दिवस?"

"पाचवा आजचा."

"कायम दोनदाच?"

"दोनदाच. बाबा, आहे काय हे?"

"तीनदा विचारलं आणि उत्तर आलं नाही तर माघारी जावं लागतं. म्हणून हा तिसऱ्यांदा विचारतच नाही. उभा राहतो." त्यांनी पेला तसाच ओट्यावर ठेवला. "तू उत्तर दिलंस का?"

"नाही."

"मुलांनी?"

मुलांना तो शब्द मीच शिकवला होता. कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यावी, हेही मीच शिकवलं होतं. नसरा तर शहाणी, सांगितलेलं सगळं ऐकणारी.

तिला मांडीवर घेऊन विचारलं. "नसरा, त्या खोलीतून होडी आलं तर तू काही बोललीस का गं?"

"नाही, उम्मी. तिसऱ्या वेळीच बोलायचं असतं ना? तू तसंच करतेस."

मी तिचे पटापटा मुके घेतले. "आता तिसऱ्या वेळीसुद्धा नाही बोलायचं. खेळ संपला, कळलं?"

"मग ते बिचारे उभेच राहणार?" ती म्हणाली.

५

मी सहल रद्द केली. हमूदने आदळआपट केली, आणि त्याचंही बरोबर होतं. "तिकिटं काढली, लशी टोचल्या, पोरांनी शाळेत गावभर सांगितलंय! आणि कारण काय, तर बायकोला अडगळीच्या खोलीत आवाज येतात!"

"मला तिथे न्यायचंच नाही त्यांना."

"आवाज इथे येतोय. मग तिथे गेलेलं बरं नाही का?"

वेडा! त्याला समजावू कसं? तिथे दिवसभर प्रत्येक दारात कुणी ना कुणी होडी म्हणत असतं. मासेवाली म्हणते, शेजारीण म्हणते, मशिदीतून परतणारा म्हातारा म्हणतो. त्यातलं कुठलं होडी कुणाचं, हे पाच वर्षांच्या पोरीने कसं ओळखायचं? मलाही ओळखता आलं नसतं.

बी झुवेनाला फोन करून सांगितलं, जमत नाही. रय्या रडली, अज्जानने टोपी भिरकावली. त्यांची समजूत काढायला हमूद गुरुवारी दुपारी तिघांना घेऊन सीबच्या किनाऱ्यावर आइसक्रीम खायला गेला. बाबांचा डोळा लागला होता. मी बोळात खुर्ची टाकली आणि त्या दाराकडे तोंड करून बसले.

"होडी."

मी ओढणीचा बोळा करून दातांत धरला.

"होडी."

मग नेहमीसारखी शांतता. आज मात्र मला थोडा धीर आला होता. जायचंच नाही ठरलंय, मुलं बाहेर आहेत, उत्तर देणारं घरात कुणी नाही. उभा राहा लेका, म्हटलं मनात, राहा उभा किती राहतोस ते.

इतक्यात लिफ्टचं दार सरकलं. बाहेर छोट्या चपलांची फटफट ऐकू आली आणि आमच्या दारातून नसराचा आवाज आला. धापा टाकत, आनंदाने, 'ड' जरासा बोबडा, तिचाच.

"होडी!"

"करीबू! ये गं माझी राणी!"

बोलून गेले. तोंडातून निघाल्यावर मला ऐकू आलं. पुढचं दार उघडलं नाही. कडी वाजली ती माझ्या समोर, अडगळीच्या खोलीची. मी हमूदला फोन लावला. मागे लाटांचा आवाज होता. तो म्हणाला, "अगं, आत्ता कुठे पोचलोय. नसरा दुसरा कोन मागतेय, देऊ का?"

खोलीचं दार वीतभर उघडं होतं. दाराबाहेर एक चपलांचा जोड काढून ठेवलेला होता, जुन्या चामड्याचा, नीट शेजारी शेजारी. टाचांपाशी ओली वाळू लागलेली.

६

हमूदने त्या चपला पाहिल्या आणि त्याचे विनोद बंद झाले. तो त्या उचलून खाली कचऱ्याच्या पेटीत टाकून आला. तो वर येईपर्यंत त्या जागेवर होत्या.

"पाहुण्याच्या चपला फेकतोस?" बाबा म्हणाले. एवढ्यात ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. "आता तो आत आलाय. तीन दिवस त्याला काही विचारायचं नाही, कुठून आला, काय हवं. खजूर ठेव शमसा. कहवा ठेव."

मी ठेवले. दाराच्या फटीतून ताट आत सरकवायचं आणि पळायचं. सकाळी ताट बाहेर असायचं, बिया चोखून स्वच्छ, ताटाच्या कडेने ओळीत लावलेल्या. घरात एरवी काही होत नव्हतं. काही होत नाही याचीच भीती वाटायची. मी रात्रभर तिन्ही मुलांना कवटाळून पडायचे आणि बोळातल्या दिव्याकडे बघत राहायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना गाडीत घालून निझव्याच्या रस्त्याला लागलो, नणंदेकडे. बाबा घरीच थांबले. समाईलच्या पुढे गेलो असू. मागच्या सीटवर नसरा अज्जानला ढोसत होती.

"सरक ना रे. त्यांना बसू दे की नीट."

"कुणाला?" रय्याने विचारलं.

नसराने खिडकीकडे बोट दाखवलं. तिच्या आणि दाराच्या मध्ये एका माणसाला पुरेल एवढी जागा सोडलेली होती. हमूदने गाडी वळवली.

७

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बोळात आले तर त्या चपलांची तोंडं फिरली होती. पाहुणा निघायच्या बेतात होता. आणि त्यांच्या शेजारी, तेवढ्याच नीट, नसराच्या गुलाबी चपला मांडलेल्या.

ती स्वतः तिथेच उभी होती, वेणी घालून, ईदचा झगा घालून. "उम्मी, मी त्यांना पोचवून येते. वळणापर्यंतच."

"कोण म्हणालं तुला?"

"ते."

मी तिला उचललं आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. हमूद धावत आला, बाबा भिंत धरधरून आले. चपला बघून ते खाली फरशीवरच बसले.

"पाहुण्याला एकटं जाऊ देत नाहीत तिकडे," ते म्हणाले. "वळणापर्यंत पोचवायचं. वळण आलं की पाहुणा स्वतः म्हणतो, बस, आता फिर माघारी. त्याने म्हटल्याशिवाय फिरायचं नसतं."

"बाबा, ही पाच वर्षांची आहे!"

"तीही पाचाचीच होती."

"कोण ती?"

"माझी बहीण." जन्मभर मी ऐकत आले होते की बाबा एकुलते एक. "दोनदा हाक आली होती. तिसरी माझ्या आवाजात आली. मी समुद्रावर होतो, आणि आई म्हणाली, करीबू. तिसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा आईचे हात पिठात भरलेले. ज्याने ये म्हटलं त्यानेच पोचवायचं असतं, नाहीतर आपल्या जागी कुणाला तरी धाडायचं. आईला काय ठाऊक! ती धाकटीला म्हणाली, जा गं बाळ, पटकन पोचवून ये."

"मग?"

"महिनाभर आई वळणावर बसून होती. मग आम्ही बोटीत बसलो." ते उठू लागले. "मला धाड तू. मी म्हातारा, मला काय करायचंय आता." त्यांनी गुलाबी चपला बाजूला सारून तिथे आपल्या ठेवल्या. आम्ही त्यांना हात देऊन उभं केलं आणि पुन्हा खाली पाहिलं. बाबांच्या चपला भिंतीकडे लोटलेल्या होत्या. जागेवर गुलाबी होत्या.

काय करायचं ते मला कळून चुकलं. विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी नसराच्या चपला उचलून तिच्या हातात दिल्या आणि तिथे माझ्या काढून ठेवल्या. पाहत राहिले. त्या तिथेच राहिल्या.

"रय्याला सकाळी दोनदा उठवावं लागतं," मी हमूदला म्हटलं. "अज्जानला शेंगदाणे चालत नाहीत. बाहेर काही घेतलंस तर वाचून घे."

"अगं पण आठ फुटांची खोली आहे ती!" तो म्हणाला. "आत जा, भिंतीला हात लाव आणि ये. मी इथेच उभा आहे. हा बघ, दार धरून उभा आहे."

नसरा म्हणाली, "उम्मी, तू गेलीस तर मी नको ना जायला?"

"नाही गं राणी. तू नको जायला."

मी चपला पायात सरकवल्या. शेजारचा जोड तेव्हा तिथे नव्हता.

८

आत दिवा नव्हता. पुढे कुणीतरी चाललं होतं. वर बघायचं नाही असं मी ठरवूनच आले होते, त्यामुळे मला एवढंच दिसलं: पांढऱ्या लांब झग्याची कड आणि खाली टाचा. भेगाळलेल्या, ओल्या, वाळू चिकटलेल्या. त्या हळू चालत होत्या, मी मागे पडू नये अशा बेताने.

उजव्या हाताला बॅगा लागल्या. एक, दोन, मोठी निळी. मग इस्त्रीची फळी. मग भिंत यायला हवी होती. मी हात पुढे केला, तर वारा लागला, कोमट आणि खारा. पायाखालची फरशी मऊ झाली.

"शमसा, बस झालं, ये!" हमूद दारातून म्हणाला. नंतर तोच आवाज जिन्याखालून आल्यासारखा आला. नंतर रस्त्यापलीकडून. मी पावलं मोजत होते, शंभरानंतर सोडून दिलं.

मग नसराने हाक मारली. "उम्मी!" अगदी पाठीमागून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून. तिचाच आवाज, रडवेला. पण ती नसतानाही हा आवाज मी एकदा ऐकलाय. आणि ही खरंच ती असली, माझ्यामागून आत आलेली असली, तर? या विचाराने माझा जीव पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडला. तरी मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी फिरले असते, आणि मग तिला जावं लागलं असतं.

तेव्हापासून चालतेय. रस्ता सरळ आहे. वळण आलेलं नाही, आणि तो अजून काही म्हणत नाही.